मांजराच्या इन्सुलिनचा डोस घरी ठरवताना मीटरवरचा कोणता आकडा बघायचा?

मांजर दिवसभर पाण्याच्या भांड्यापाशी घुटमळतंय, लघवीचा ट्रे दुप्पट वेगाने ओला होतोय, खाणं तर वाढलंय पण पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. डॉक्टरांकडे नेलं, रक्त-लघवी तपासली आणि निदान झालं, मधुमेह. आता दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी इन्सुलिनचं इंजेक्शन.

इंजेक्शनची भीती आठवडाभरात जाते. सुई इतकी बारीक असते, की बरीचशी मांजरं खाता खाता टोचून घेतात. खरा घोळ पुढे सुरू होतो. एका सकाळी ग्लुकोमीटरवर ३८० आकडा दिसतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवढी शुगर? आज अर्धा युनिट जास्त देऊया."

नेमकं हेच करायचं नसतं. मांजराची शुगर काही दिवस ३५०-४०० राहिली तर ते बरं नाही, पण खातं-पितं आणि हिंडतं-फिरतं मांजर तेवढ्याने त्या दिवशी दगावत नाही. शुगर ४० च्या खाली गेली तर मात्र काही तासांत झटके येऊन ते जाऊ शकतं. म्हणून डोसचा निर्णय सर्वात वरच्या आकड्यावर नाही, तर दिवसभरातल्या सर्वात खालच्या आकड्यावर होतो. तो आकडा कसा शोधायचा आणि त्यावरून डोस कसा हलवायचा, ते बघूया.

(डोसमधला प्रत्येक बदल डॉक्टरांशी बोलूनच करायचा, हे इथे गृहीत धरलं आहे. पण डॉक्टरही निर्णय घेणार तुम्ही घरी टिपलेल्या आकड्यांवरूनच. त्यामुळे हे गणित मालकालाही कळलेलं बरं.)

मांजरांचा मधुमेह थोडा वेगळा असतो

बहुतेक मांजरांचा मधुमेह माणसांच्या टाइप-२ सारखा असतो. वय वाढलेले, नसबंदी केलेले, घरातच राहणारे, गुबगुबीत बोके त्यात जास्त सापडतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, स्वादुपिंड जास्त काम करून थकतं, आणि वाढलेली शुगरच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना आणखी सुन्न करते.

यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. शुगर वेळेत खाली आणली तर या पेशी पुन्हा कामाला लागू शकतात आणि काही मांजरांचं इन्सुलिन चक्क बंद होतं. याला रेमिशन म्हणतात. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी २००९ मध्ये ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालक घरी शुगर मोजत होते, ग्लार्जिन इन्सुलिन देत होते आणि ठरलेल्या नियमांनी डोस बदलत होते. त्यातली ६४ टक्के मांजरं रेमिशनमध्ये गेली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत असा काटेकोर उपचार सुरू झालेल्यांमध्ये हे प्रमाण ८४ टक्के होतं, उशीर झालेल्यांमध्ये ३५ टक्के. म्हणजे घरी शुगर मोजण्याची कटकट वाया जात नाही.

डोसच्या आधी बाटली आणि सिरिंज तपासा

डोस वाढवायचा की कमी करायचा हा प्रश्न नंतरचा. आधी तुम्ही देताय तो डोस खरंच तेवढा आहे का, ते बघा.

इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि यू-१०० म्हणजे १०० युनिट. भारतात माणसांच्या इन्सुलिनच्या अनेक बाटल्या आजही यू-४० असतात, तर पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज यू-१०० असतात. खास प्राण्यांसाठी बनवलेली कॅनिन्सुलिन आणि प्रोझिंक यू-४० आहेत. मांजरांसाठी बऱ्याचदा लिहून दिलं जाणारं ग्लार्जिन, म्हणजे लँटस, बसालॉग वगैरे, यू-१०० असतं. सिरिंजही दोन प्रकारच्या. यू-४० ला बहुधा लाल टोपण, यू-१०० ला नारिंगी. घाईत मेडिकलवाला हातात देईल ती घेतली की गडबड झालीच म्हणून समजा.

हिशेब करून बघा. यू-१०० ग्लार्जिन यू-४० च्या सिरिंजमध्ये '२' च्या रेघेपर्यंत ओढलं, तर त्यात २ नाही, ५ युनिट येतात. चार किलोच्या मांजरासाठी हा अडीचपट डोस जीवघेणा ठरू शकतो. उलट चूक झाली, म्हणजे यू-४० इन्सुलिन यू-१०० च्या सिरिंजमध्ये '२' पर्यंत घेतलं, तर जेमतेम ०.८ युनिट जातं. मग "डोस देऊनही शुगर हलत नाही" म्हणून डोस वाढत राहतो आणि कधीतरी सिरिंज बदलली की मांजर कोसळतं. त्यामुळे बाटलीवर जी ताकद, सिरिंजवरही तीच हवी.

मांजरांचे डोस फार लहान असतात. सुरुवात साधारण एक युनिटच्या आसपास, बारा तासांनी एकदा अशी होते. तेव्हा ०.३ मिलिची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज शोधून घ्या. एक मिलिच्या जाड सिरिंजमध्ये अर्धा युनिट डोळ्यांनी ओळखणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

घरात आजी-आजोबांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतंच, तेच मांजराला द्यायचा मोह होतो. ते बहुतेकदा ३०/७० मिक्स असतं. त्यातला जलद भाग मांजराची शुगर एकदम पाडतो, आणि उरलेल्या भागाचा असरही मांजरांमध्ये बारा तास टिकत नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर त्या बाटलीला हात लावू नका.

आणि साठवण. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. उन्हाळ्यात दिवसभर वीज गेली असेल तर ती गोष्ट लिहून ठेवा, कारण पुढच्या आठवड्यात शुगर विनाकारण वाढली तर पहिला संशय खराब झालेल्या बाटलीवर घ्यायचा असतो. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. गढूळ झालं असेल तर फेकून द्या. ते हलवायचंही नाही आणि पातळही करायचं नाही, कारण त्वचेखाली हळूहळू विरघळण्याचा त्याचा गुण त्याच्या आम्लतेवर अवलंबून असतो.

शुगर घरीच का मोजायची?

कारण दवाखान्यातला आकडा फसवा असतो. टोपलीत कोंबलेलं, रिक्षातून आलेलं आणि बाहेर कुत्री भुंकताना ऐकलेलं मांजर घाबरलेलं असतं, आणि नुसत्या ताणाने मांजराची शुगर ३०० च्या वर जाऊ शकते. अगदी मधुमेह नसलेल्या मांजराचीसुद्धा. अशा एका आकड्यावर डोस वाढवणं धोक्याचं.

घरी मोजताना कानाच्या कडेने जाणारी बारीक शीर वापरतात. कान हातात धरून किंवा कोमट कापसाने शेकून घ्या, कडेला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मागे कापूस धरा आणि टोचा. पंजाच्या गादीतूनही रक्त घेता येतं. प्रत्येक वेळी नंतर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या. तीन-चार दिवसांत मीटरची पेटी उघडल्याचा आवाज आला की काही मांजरं स्वतःहून येऊन बसतात, ती अर्थात चिकनसाठी!

कोणता मीटर? अल्फाट्रॅकसारखे मीटर प्राण्यांच्या रक्तासाठी बनवलेले आहेत. माणसांचे मीटर मांजराची शुगर बहुधा खरी असते त्यापेक्षा कमी दाखवतात. तरीही ते चालतात, फक्त डॉक्टरांना सांगा आणि मध्येच मीटर बदलू नका. फ्रीस्टाइल लिब्रेसारखा त्वचेवर चिकटवायचा सेन्सरही मांजरांवर वापरला जातो. तो १४ दिवसांसाठी असतो, पण मांजर तो तेवढे दिवस टिकू देईलच असं नाही.

लघवीच्या पट्ट्या उपयोगी आहेत, पण डोस वाढवण्यासाठी नाहीत. रक्तातली शुगर साधारण २५०-३०० च्या वर गेली की ती मांजराच्या लघवीत उतरते. पट्टीवर दिसते ती गेल्या कित्येक तासांत साठलेली गोष्ट. दुपारी शुगर ५० ला जाऊन आली होती का, हे पट्टी कधीच सांगणार नाही.

कर्व्ह म्हणजे काय आणि तो कसा वाचायचा?

सकाळच्या इंजेक्शनच्या आधी एकदा, आणि मग दर दोन तासांनी संध्याकाळच्या इंजेक्शनपर्यंत शुगर मोजायची. हे आकडे कागदावर मांडले की जी रेघ दिसते तिला ग्लुकोज कर्व्ह म्हणतात. त्यातला सर्वात खालचा बिंदू म्हणजे नादिर. मधुमेही मांजरासाठी नादिर साधारण ८० ते १५० मिलिग्रॅममध्ये आणि बाकीचा दिवस शक्यतो ३०० च्या खाली, असं उद्दिष्ट सहसा ठेवलं जातं. रूम्प-रँड यांच्यासारखी कडक पद्धत यापेक्षा खाली जाते, पण तिथे दिवसातून अनेकदा मोजणारा माणूस घरात लागतो. नोकरी करणाऱ्या घराने तो हट्ट धरू नये, असं आम्हाला वाटतं.

आता एक काल्पनिक बोका घेऊ. वजन पाच किलो, डोस दीड युनिट, दिवसातून दोनदा. सकाळी ८ ला शुगर ३४०. दहाला २५०, बाराला १५०, दुपारी २ ला ९५, चारला ११०, सहाला २१० आणि रात्री ८ ला ३२०. तुम्ही फक्त सकाळ-संध्याकाळ मोजत असता तर तुमच्या वहीत ३४० आणि ३२० असेच आकडे आले असते, आणि डोस वाढवावा असंच वाटलं असतं. पण नादिर आहे ९५. इथे डोस वाढवला तर दुपारी दोनला, तुम्ही ऑफिसात असताना, हा बोका ५० च्या आसपास जाऊन पोचेल. इथे डोस तसाच ठेवायचा. दोन टोकं फार वर राहत असतील तर इन्सुलिनचा असर बारा तास टिकतोय का, खाणं काय आहे, याची चर्चा डॉक्टरांशी करायची.

दुसरा दिवस असा समजा: ३८०, ३५०, ३३०, ३१०, ३२०, ३५०, ३९०. इथे सर्वात खालचा आकडाच ३१० आहे. बाटली, सिरिंज आणि टोचण्याची पद्धत ठीक असेल, तर इथे डोस वाढवायला जागा आहे.

तिसरा दिवस: २९०, १८०, ९०, ५८, ७०, १३०, २४०. मांजर मजेत खेळत होतं, काहीच जाणवलं नाही, तरीही डोस कमीच करायचा. ८० च्या खालचा नादिर म्हणजे डोस उतरवण्याची सूचना, मग सकाळचा आकडा कितीही असो.

किती बदलायचा आणि कधी?

वाढवताना एका वेळी अर्धा युनिट, तेही नवा डोस किमान पाच ते सात दिवस देऊन झाल्यावर. ग्लार्जिनसारखं इन्सुलिन त्वचेखाली साठा करून हळूहळू सुटतं, त्याचा पूर्ण परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. सोमवारी वाढवलं, बुधवारी अजून शुगर जास्त म्हणून पुन्हा वाढवलं, की शुक्रवारी दोन्ही वाढींचा परिणाम एकदम अंगावर येतो. बहुतेक अपघात असेच होतात.

कमी करताना मात्र थांबायचं नाही. शुगर खाली गेल्याचं दिसलं की पुढच्या इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना फोन करा. लक्षणं नसतील तर थोडी कपात होते, थरथर किंवा लडखडणं दिसलं असेल तर बरेच डॉक्टर डोस थेट निम्म्यावर आणतात. वाढ सावकाश आणि कपात लगेच, हा तोल कायम लक्षात ठेवा.

इंजेक्शनच्या वेळी शुगर आधीच कमी असेल तर? सुरुवातीच्या आठवड्यांत, मांजर कसा प्रतिसाद देतं याची वही तयार झालेली नसताना, २०० च्या खाली आकडा आला तर नेहमीचा पूर्ण डोस न देता आधी विचारून घेणं सुरक्षित. मांजर जेवलं नसेल किंवा उलटी केली असेल तरीही तसंच. आणि नवरा-बायको दोघांनाही "तू दिलंस का?" याची खात्री नसेल, तर देऊ नका. टोचताना केस ओले झाले, अर्धं बाहेर गेल्यासारखं वाटलं, तरी पुन्हा टोचू नका. एक डोस चुकल्याने शुगर वाढेल, दोनदा दिल्याने मांजर जाईल. फ्रीजवर तारखांचा कागद लावून प्रत्येक डोसनंतर खूण करणं हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

खाणं बदलणार असाल तर जास्तच सावध राहा. मांजर मूळचं मांसाहारी, त्याला पिष्टमय पदार्थ फारसे पेलत नाहीत. दूध-भात किंवा फक्त कोरडे दाणे खाणारं मांजर भरपूर प्रथिनांच्या, कमी कर्बोदकांच्या ओल्या खाण्यावर आलं, की इन्सुलिनची गरज झपाट्याने घटू शकते. चांगलीच गोष्ट आहे, पण डोस जुनाच राहिला तर तोच डोस आता जास्तीचा ठरतो. खाण्यातला बदल हळूहळू करा आणि त्या काळात रोज मोजा. जाड मांजर बारीक होत असतानाही हेच.

शुगर एकदम पडली तर

आधी अचानक वखवख, मग सुस्ती, मागचे पाय लडखडणं, एकटक बघणं, थरथर, आणि पुढे आकडी किंवा बेशुद्धी. काही मांजरं मात्र आधी काहीच दाखवत नाहीत, थेट कोपऱ्यात जाऊन पडतात.

मांजर शुद्धीत आहे आणि गिळू शकतंय तर लगेच नेहमीचं खाणं पुढे करा, सोबत थोडा मध किंवा साखरेचं पाणी. खात नसेल किंवा आकडी आली असेल तर मध अथवा दाट साखरपाणी बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. आकडीच्या वेळी दातांमध्ये बोट घालू नका, ओठ बाजूला करून बाहेरूनच चोळा. मग दवाखाना गाठा. मांजर पाच मिनिटांत उठून बसलं तरी जायचंच, कारण इन्सुलिनचा असर अजून काही तास उरलेला असतो आणि साखरेचा परिणाम त्याआधी ओसरतो. मधाची छोटी बाटली इन्सुलिनच्या डब्याशेजारीच ठेवा. रात्री अकराला उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता, हे आजच शोधून नंबर लिहून ठेवा.

उलट टोकही आहे. शुगर सतत जास्त आणि त्यातच मांजराने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, मलूल पडलं, तर ते कीटोअॅसिडोसिस असू शकतं. लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले तर खात्रीच धरा. इथे घरी डोस वाढवून काहीही साधत नाही, सलाईन आणि भरती लागते.

डोस वाढवूनही शुगर हलत नसेल तर

दर वेळी डोसच अपुरा असतो असं नाही. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग या गोष्टी इन्सुलिनला जुमानू देत नाहीत. दात काढल्यावर डोस निम्म्यावर आलेली मांजरं असतात. स्टेरॉइडही तसंच. खाजेसाठी दिलेलं लांब टिकणारं इंजेक्शन शुगर आठवडेच्या आठवडे वर ठेवू शकतं, आणि त्याचा असर संपला की तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मधुमेह आहे हे सांगायला विसरू नका.

ब्रिटनमध्ये १,२२१ मधुमेही मांजरांचं रक्त तपासलेला एक अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मांजरांमध्ये अॅक्रोमेगलीकडे बोट दाखवणारी पातळी सापडली. म्हणजे मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जास्त पाझरतं आणि इन्सुलिन बोथट होतं. मधुमेह असूनही मांजराचं वजन वाढतंय, डोकं-पंजे रुंद होतायत, डोस चढत चाललाय, असं दिसलं तर डॉक्टरांना याविषयी जरूर विचारा.

डोस उतरणीला लागला की

उपचार नीट बसले तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नादिर हळूहळू खाली सरकू लागतो. दोनचा डोस दीडवर, मग एकवर, मग अर्ध्यावर येतो. हा काळ आनंदाचा, पण सर्वात धोक्याचाही, कारण शरीराचं स्वतःचं इन्सुलिन परत येत असताना बाहेरचंही चालू असतं. घरी मोजणं कमी करायची ही वेळ नव्हे. अर्ध्या युनिटवरही शुगर सतत सामान्य राहिली की डॉक्टर इन्सुलिन थांबवून बघतात, आणि त्याशिवाय चार आठवडे शुगर ठीक राहिली की मांजर रेमिशनमध्ये आहे असं धरतात.

काहींचा मधुमेह पुढे परततो. म्हणून खाणं तेच ठेवायचं, वजन वाढू द्यायचं नाही, स्टेरॉइड शक्यतो टाळायचं, आणि आठवड्यातून एकदा कान टोचून बघायचं. मीटरच्या पट्ट्यांची मुदतही तपासत राहा. इन्सुलिन बंद झालं की त्या डब्याकडे कुणी बघत नाही, आणि पुन्हा गरज पडते तेव्हा पट्ट्या जुन्या झालेल्या असतात.